कुंडात उतरा, पण तंबू लांब ठोका: गरम पाण्याच्या झऱ्यावर मुक्कामाला जाणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

सॅक पाठीला लावून, डोंगर चढून-उतरून, जंगलात कुठेतरी आडबाजूला असलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत चालत जाणाऱ्या आणि तिथेच रात्र काढणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. टाइल्स बसवलेल्या, तिकीट काढून आत जायच्या पूलवाल्यांसाठी नाही. जिथे कपडे बदलायला आडोसा नाही, टॉयलेट नाही, कचरापेटी नाही, पाणी किती गरम आहे ते सांगणारी पाटी नाही, कोणीतरी कधीतरी दगड रचून अडवलेलं पाणी तेवढं आहे, तिथे जाणाऱ्यांसाठी. मीही तुमच्यातलाच.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचा कंटाळा आहे त्यांचंही काम होईल. तंबू कुंडाजवळ लावू नका. कमीत कमी सत्तर मोठी पावलं, म्हणजे साधारण 60 मीटर लांब, आणि जागा असेल तर त्याहूनही लांब. कुंडात बसा, रात्री बसा, पहाटे बसा, कोण नाही म्हणतंय, पण मुक्काम तिथे नको.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला असं वाटेल. पण बघा ना, बाकीची बहुतेक सगळी घाण ह्या एकाच गोष्टीतून सुरू होते. तंबू पाण्याला लागून पडला की स्टोव्ह तिथेच पेटतो, भांडी तिथेच विसळली जातात, बाटल्या तिथेच उघडतात, ओले टॉवेल शेजारच्या झाडाच्या फांद्या वाकवून तिथेच वाळत पडतात, आणि रात्री दोन वाजता उबदार स्लीपिंग बॅगमधून बाहेर यावं लागलं की कोण जातंय लांब, मग काय, सगळ्यात जवळचं झुडूप. दिवसा येऊन दोन तास बसून जाणारा माणूस ह्यातलं निम्मंही करत नाही. मुक्कामाचा माणूस करतो, आणि तो वाईट असतो म्हणून नाही, तर त्याचं सगळं घरच पाण्याच्या काठावर असतं म्हणून.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये कनन्ड्रम हॉट स्प्रिंग्ज म्हणून जागा आहे, अ‍ॅस्पेन शहराजवळ. समुद्रसपाटीपासून जवळपास 3400 मीटर उंचीवर, एका बाजूनेच साडेतेरा-चौदा किलोमीटर चाल. इतकं चालून जायचं म्हणजे येणारे सगळे शिस्तीचे, निसर्गप्रेमी वगैरे असतील असं वाटतं की नाही? तिथे माणसांची विष्ठा आणि मागे टाकून दिलेलं सामान इतकं साठायला लागलं की वनखात्याच्या लोकांना ते साफ करत बसावं लागायचं, आणि शेवटी 2018 पासून मुक्कामासाठी परमिट सक्तीचं झालं, ठरलेल्या जागीच तंबू, कुत्री न्यायची नाहीत, खाण्याचं सामान अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यातच. म्हणजे लांबची चाल हा काही चाळणीचा उपाय नाही. उलट जितकं लांब तितका मुक्काम जास्त आणि जितका मुक्काम जास्त तितका पसारा जास्त.

विष्ठेचा विषय नकोसा वाटतो पण त्यावर बोलायलाच पाहिजे कारण त्यावर कोणी बोलत नाही म्हणूनच ही वेळ येते. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साठ मीटर लांब, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा, काम झालं की मातीने बुजवायचा, आणि टिश्यू पेपर पिशवीत घालून परत न्यायचा, पुरायचा नाही कारण प्राणी तो उकरून काढतात आणि मग पांढरी निशाणं जंगलभर उडत असतात. खड्ड्यासाठी छोटं प्लास्टिकचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं खुरपं मिळतं, वजन काहीच नसतं, ते ग्रुपमध्ये एक नाही तर दोन असू देत कारण नेमकं एकाच वेळी दोघांना लागतं. आता उंचावर, जिथे माती म्हणजे दगडावर चार बोटं थर, तिथे खड्डा खणता येतच नाही आणि थंडीमुळे काही कुजतही नाही, अशा ठिकाणी त्यासाठीच बनवलेल्या जाड पिशव्या मिळतात, त्यात भरून खाली आणायचं. शी वाटतं? वाटू दे. तुमच्या आधी कोणी हे केलं नसेल तर तुम्ही ज्या पाण्यात डोळे मिटून बसलाय त्यात काय मिसळतंय ह्याचा विचार केला तर त्याहून जास्त शी वाटेल.

आणि हे पाणी नळाचं नाही. पावसाचं, बर्फाचं पाणी भेगांमधून खाली खाली जातं, जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं, ज्वालामुखीच्या भागात त्याहून कितीतरी जास्त, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं, ह्या प्रवासाला कित्येक ठिकाणी शेकडो-हजारो वर्षं लागतात. आणि कुंड म्हणजे बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढं पाणी, पाच-सहा माणसं बसतील एवढी जागा, आत येणारी धार मनगटाएवढी. त्यात कोणी शॅम्पू केला की पाणी बदलायला किती वेळ लागेल तुम्हीच बघा. बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबण असला तरी तो मातीत मुरला तरच त्याचं विघटन नीट होतं, पाण्यात ओतायला त्याने परवानगी मिळत नाही. सनस्क्रीन, कीटक पळवायचं क्रीम, अंगाचं तेल, हे सगळं उतरायच्या आधी लांब जाऊन बाटलीतल्या पाण्याने धुवा. तंबू लांब असेल तर हे आपोआप तिथेच होतं, बघा.

त्या पाण्यात राहणारे पण आहेत. कडेला हिरवा, पिवळा, केशरी बुळबुळीत थर दिसतो ना, ज्याला आपण घाण समजून पायाने खरवडतो, ते जिवंत सूक्ष्मजीव असतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या अशाच एका गरम झऱ्यातून 1966 मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने एक जिवाणू गोळा केला, थर्मस अ‍ॅक्वाटिकस, 70 अंशांच्या आसपास मजेत राहणारा, आणि त्याच्यातल्या उष्णता सहन करणाऱ्या एन्झाइममुळे पुढे पीसीआर ही तपासणी सगळीकडे वापरता आली. कोविडच्या वेळी नाकात काडी घालून जी टेस्ट व्हायची तीच पीसीआर. कॅनडात बान्फच्या सल्फर माउंटनच्या गरम झऱ्यांमध्ये एक गोगलगाय आहे, अर्ध्या सेंटिमीटरची वगैरे, ती जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून तिथल्या झऱ्यांमध्ये हात घालायलासुद्धा बंदी आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ब्रुनो नदीच्या काठच्या गरम झऱ्यांमध्ये अशीच एक, 1993 पासून संकटग्रस्त यादीत. त्यामुळे दगड इकडचे तिकडे करून "आपलं" नवीन कुंड बांधायची हौस आवरा. आहे त्यात बसा. दगडाखाली कोण राहतंय ते वरून दिसत नाही.

आता तुमच्या फायद्याचं बोलू, कारण निसर्गासाठी तंबू हलवा म्हटलं की माना डोलावतात आणि तंबू तिथेच राहतो.

पहिलं म्हणजे तुम्ही भिजाल. गरम पाण्याची वाफ रात्रभर निघत असते, दरीतली थंड हवा खाली येऊन बसते, आणि मध्ये तुमचा तंबू, पातेल्यावरच्या झाकणासारखा. पहाटे आतल्या कापडाला बोट लावलं तर ओघळ येतो, स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग दमट, त्यातून पिसांची बॅग असेल तर संपलंच, पिसं ओली झाली की गोळे होतात आणि ऊब जाते. लोक म्हणतात कुंडाजवळची जमीन गरम असते म्हणून बरं वाटतं. काही ठिकाणी असतेही. पण वरून टपकतंय आणि खालून वाफ येतेय ह्यात झोप कसली, आणि जिथे जमीन हाताला गरम लागते तिथे मुळात तंबू ठोकायचाच नसतो, वरचा थर पातळ असू शकतो.

दुसरं वायू. सगळ्याच झऱ्यांवर हा धोका नसतो, उगाच घाबरवत नाही, पण सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो. उघड्या, वाऱ्याच्या जागी तो थोडाफार असला तर नुसता वास. पण तो हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साठतो, आणि ह्याची वाईट गोष्ट अशी की प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणजे वास येईनासा झाला ही चांगली बातमी असेलच असं नाही. कार्बन डायऑक्साइड तर त्याहून बेरकी, त्याला वासच नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड. कॅलिफोर्नियात मॅमथ माउंटनला 1989 मध्ये छोट्या भूकंपांची मालिका झाली आणि 1990 पासून तिथल्या हॉर्सशू लेकजवळची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली, कारण जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वर येत होता, पुढे तिथलं कॅम्पग्राउंडही बंद करावं लागलं. त्याच डोंगरावर 2006 मध्ये स्की पेट्रोलची, म्हणजे स्की करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी फिरणारी, तीन माणसं वाफेच्या एका विवरापाशी मरण पावली. वारा पडलेल्या रात्री, झऱ्याशेजारच्या खळग्यात, चेन लावून बंद केलेल्या तंबूत झोपणं म्हणजे काय ते आता लक्षात येईल. वरच्या अंगाला, उघड्यावर, वारा खेळेल अशी सपाट जागा बघा. आजूबाजूला कारण नसताना वाळलेली झाडं किंवा मेलेले पक्षी-उंदीर दिसले तर तिथे थांबूच नका.

तिसरं, तंबू जवळ असला की माणूस अंधारात, झोपेत, कधी दोन घोट पोटात असताना पाण्यात उतरतो. "दोन पावलांवर तर आहे." हेच दोन पावलांवर असणं नडतं. कुंडाचं तापमान रोज तेच असतं असं धरून चालू नका. पाऊस पडला, शेजारचा ओढा कमी-जास्त झाला, कोणी थंड पाण्याच्या वाटेवरचा एक दगड सरकवला, की संध्याकाळी छान वाटलेलं कुंड रात्री भाजणारं होऊ शकतं. कॅलिफोर्नियातच हॉट क्रीकला वर्षानुवर्षं लोक पोहायचे, 2006 मध्ये तिथे अचानक उकळतं पाणी उसळायला लागलं आणि पोहणं बंद केलं ते बंदच आहे. 49 अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटांत खोल भाजतं, 60 अंशांना पाच-सहा सेकंद पुरतात. हॉट टबसाठी 40 अंश ही वरची मर्यादा मानतात, त्याहून पुढे बसायची मर्दुमकी नको. साधा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर न्या, वजन पेनाएवढं, आणि एका जागी नाही तर धार येते तिथे, मध्यात आणि तळाला, तीन ठिकाणी बुडवून बघा. नसेल तर मनगटाची आतली बाजू. पाय कधीच आधी नाही, लांब चालून आलेल्या पायांना गरम-थंड नीट कळत नाही.

यलोस्टोनमध्ये गरम झऱ्यांनी आजवर वीसहून जास्त जीव घेतलेत. 2016 च्या जून महिन्यात एक तरुण नॉरिसच्या भागात, बोर्डवॉक म्हणजे फळ्यांची आखलेली वाट सोडून, बसण्याजोगं कुंड शोधत फिरत होता, घसरून पडला, दुसऱ्या दिवशी बाहेर काढायला काही उरलं नव्हतं. ते पाणी उकळतं आणि आम्लधर्मी. म्हणून जिथे उतरायला बंदी आहे तिथे बंदी आहे, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही.

डोक्यावरून आठवलं, डोकं पाण्यात घालायचं नाही. गमतीने नाही सांगत. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढतो, 46 अंशांपर्यंत त्याला छान चालतं, म्हणजे नेमकं आपल्याला आवडणारं तापमान. पाणी पोटात गेलं तर त्याने हा आजार होत नाही, नाकातून वर गेलं तर होतो, थेट मेंदूपर्यंत. अमेरिकेत 1962 ते 2023 एवढ्या काळात 164 जणांची नोंद आहे, वाचले चार. म्हणजे फारच दुर्मिळ, हे खरं, पण झाला तर झाला. कॅलिफोर्नियातल्या डीप क्रीकच्या गरम झऱ्यांवर त्याचा इशारा देतात, न्यूझीलंडमध्ये वेलकम फ्लॅटला, जिथे कोपलँड ट्रॅकवर 18 किलोमीटर चालून जायचं असतं, तिथेही कुंडात डोकं बुडवू नका असं सरकारी खातं सांगतं. मुलं बरोबर असतील तर पाणी उडवणं, उड्या मारणं, नाक धरून डुबकी, सगळं बंद. गळ्यापर्यंत बसायचं, बास.

ह्यावर हमखास येणारा प्रश्न: तंबू लांब असेल तर गरम पाण्यातून निघून ओल्या अंगाने थंडीत चालायचं का? हो, पाच मिनिटं. कोरडी लोकरी टोपी, मोजे आणि एक जाड थर कोरड्या पिशवीत घालून कुंडाच्या काठावर ठेवा, चपला उजव्या-डाव्या लावून ठेवा, हेडटॉर्च गळ्यात. बाहेर यायच्या आधी दोन-तीन मिनिटं काठावर बसा, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, झटकन उभं राहिलं की बीपी पडतं आणि माणूस दगडांवर कोसळतो, उंचावर तर जास्तच. पाणी प्या, साधं पाणी. अंगात ऊब असते तोवर तंबू येतो, त्या पाच मिनिटांत कोणी गारठून गेलंय असं मी तरी पाहिलेलं नाही. आणि वाट उजेडातच एकदा चालून बघून ठेवा.

काचेबद्दल वेगळं सांगायची गरज नाही पण सांगतो. पारदर्शक बाटलीचा तुकडा पाण्यात दिसत नाही, वर शेवाळाचा थर बसला की अजिबातच नाही, आणि अर्धा तास गरम पाण्यात भिजून मऊ पडलेला तळवा कापायला फार जोर लागत नाही. त्या अवस्थेत परतीची चौदा किलोमीटर. प्यायचंच असेल तर कॅन आणा, रिकामा कॅन चेपून परत न्या, आगीत टाकू नका, तो जळत नाही. आगीचं म्हणाल तर कुंडाच्या काठावर आग नकोच, आसपासचं पडलेलं लाकूड एका सीझनमध्ये संपतं आणि मग लोक उभ्या झाडांना हात घालतात. स्टोव्ह न्या.

ज्यांच्या वाटेवर नदी किंवा ओढा ओलांडायचा आहे त्यांनी एक ध्यानात ठेवा. बर्फ वितळून येणारं पाणी दिवसभराच्या उन्हाने वाढत जातं, दुपार-संध्याकाळी चढतं आणि भल्या सकाळी सगळ्यात कमी असतं. त्यामुळे मुक्काम केलाय तर परतीचं ओलांडणं पहाटेच उरका, अजून एक डुबकी, अजून एक डुबकी करत दुपार करू नका. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ओलांडा, पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे.

जागा कोणाला सांगायची, फोटोवर लोकेशन टाकायचं का, ह्यावर दर वर्षी भांडणं होतात. मला विचाराल तर लपवून काही फार उपयोग होत नाही, जागा कळतातच. त्यापेक्षा फोटोत कुंडाला खेटून उभा केलेला तंबू दाखवणं बंद करा. तो फोटो सुंदर येतो, मान्य, वाफ, आतून उजळलेला तंबू, मागे तारे. पण तो बघून पुढचे शंभर जण नेमकं तेच करायला जातात, आणि बऱ्याच ठिकाणी ते नियमातही बसत नाही. आयडाहोत जेरी जॉन्सन नावाच्या गरम झऱ्यांवर फक्त दिवसा जाता येतं, डीप क्रीकलाही कुंडाजवळ मुक्कामाला मनाई आहे, आणि तरी तंबू लागतात. मग एक दिवस सगळ्यांनाच बंदी येते, आणि आपण खात्याला शिव्या देतो. ज्या खात्यांकडे अशा जागा आहेत त्यांनी सरसकट बंदीपेक्षा वरच्या अंगाला चार जागा आखून द्याव्यात, तेवढीच परमिटं द्यावीत आणि जमलं तर एक साधा संडास उभा करावा, असं माझं मत, पण आपण आधी आपला तंबू हलवला तर हे मागायला तोंड राहील.

शेवटचं. तुम्ही पोचलात आणि कोणाचा तंबू आधीच काठावर आहे, तर भांडू नका. थकलेली माणसं असतात, अंधार पडत आलेला असतो, आल्या आल्या नियम ऐकवले की ती हट्टाला पेटतात. "वर सपाट जागा मस्त आहे, वारा पण आहे, इथे पहाटे तंबू आतून भिजतो" एवढंच म्हणा. भिजण्याची गोष्ट लगेच पटते. हवं तर खुंट्या उपटायला हात लावा, दहा मिनिटांचं काम आहे. नाहीच हलले तर सोडून द्या, कुंडापाशी वाट बघत उभं राहू नका, तुमची पाळी येईपर्यंत वर जाऊन तुमचा तंबू लावून घ्या.

कळावे,
तुमच्यासारखाच एक चालणारा